सागरतीरावरील घर आणि वाऱ्याची वाट

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका ही वसाहत नावारूपास आणली. त्यांच्या मूळ प्रदेशातील हैदराबाद शहर एकेकाळी घरांवरील ‘मंघां’साठी प्रसिद्ध होते. मंघ म्हणजे छतावर उभारलेले, नैर्ऋत्येकडे तोंड असलेले वातायन. समुद्राकडून येणारा वारा अडवून ते तो खालच्या खोल्यांत उतरवीत असे. जरीपटक्यात मात्र मंघाचा उपयोग नव्हता. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बाहेरचा वारा घरात घेणे म्हणजे भट्टीचे दार उघडणेच होय. येथे दुपारी मिटलेली दारे आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हेच खरे.

विदर्भातील एखादे कुटुंब कोकण किनाऱ्यावर सुटीतील घर बांधण्याचे योजते, तेव्हा हाच अनुभव त्याची दिशाभूल करण्याचा संभव असतो. कोरडी हवा पाणी शोषून घेताना थंड होते, या तत्त्वावर कूलर चालतो. किनाऱ्यावरील हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तेथे तोच कूलर केवळ दमटपणा वाढवितो. अशा हवेत सुख देतो तो अंगावरचा घाम वाळविणारा वाहता वारा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरील थंड हवा तिची जागा घेते. म्हणून घर शक्यतो एका खोलीच्या रुंदीचे असावे व समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असाव्यात.

अडचण अशी, की ज्या पश्चिमेकडून वारा येतो तिकडूनच दुपारचे ऊन आणि पावसाळ्यातील झडही येते. कोकणातील जुन्या घराने हा पेच पडवीने सोडविला. आधुनिक वास्तुरचनेतही त्याचे उत्तम उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे नारळीच्या बागेत, समुद्रासमोर, वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ मध्ये ‘पामायरा हाऊस’ हे सुटीतील घर पूर्ण केले. एकमेकांपासून किंचित सरकविलेल्या दोन लांबट इमारती, ऐनाच्या लाकडाचा सांगाडा आणि ताडाच्या पट्ट्यांच्या झिलमिल्या, असे त्याचे स्वरूप आहे. झिलमिल्यांतून वारा येतो, ऊन मात्र गाळून येते. आवारातील तीन विहिरींचे पाणी उंच टाकीत साठवून उताराने घरात आणले जाते. असे घर सर्वांच्या ऐपतीतले नव्हे, हे खरे. परंतु त्यामागील विचारास फारसा खर्च पडत नाही.

भिंतींसाठी जांभ्याचा चिरा जवळच मिळतो. काँक्रीट वापरलेच तर त्यात समुद्राची वाळू घालू नये. तिच्यातील क्षार लोखंडी सळया गंजवितात, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट तडकते.

छपराची काळजी अधिक घ्यावयास हवी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वादळात अधिक टिकते, मात्र ते भिंतींशी पक्के जखडलेले असावे. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे. वाऱ्याने ते उचलले गेले तरी घर उघडे पडत नाही.

या सर्वांआधी प्रश्न येतो तो जागेचा. १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ‘ना-विकास क्षेत्र’ ठरविला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात तो ५० मीटरवर आणला. इतरत्र २०० मीटरची मर्यादा कायम राहिली. लाटांच्या अगदी काठचा भूखंड स्वस्तात देऊ केला जात असेल, तर त्याचे कारण पुष्कळदा या नकाशात सापडते. आयुष्याची पुंजी गुंतविण्यापूर्वी सात-बाराच्या उताऱ्याबरोबरच किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडाही तपासून घ्यावा. जागेत विहीर असल्यास तिचे पाणी मे महिन्यात चाखून पाहावे, कारण उपसा वाढला की किनाऱ्यालगतच्या विहिरीत खारे पाणी शिरते.