एका खोलीच्या घरात पन्नास मिनिटं

या पानावर आपण बीपी, शुगर, अंगात रक्त कमी असणं, डेंग्यू याबद्दल बोलत आलो. या वेळी कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनाबद्दल बोलू. वस्तीतल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच कोणीतरी इंजिनिअरिंगला, नर्सिंगला, लॉला गेलं आहे. साऱ्या घराचा जीव त्या एका लेकरात अडकलेला असतो. आणि तेच लेकरू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागं राहतं, ताटावरून अर्धपोटी उठतं, विचारलं तर चिडतं. आपण म्हणतो, मोबाइलचं वेड लागलंय.

कधी तसं असतंही. पण कधी ते त्याच मोबाइलवर मदत शोधत असतं.

कॉलेजच्या मुलांचं फोनवर आणि व्हिडिओवर समुपदेशन करणाऱ्या एका ताईंशी आम्ही सविस्तर बोललो. ताई मानसशास्त्रात एम.ए. आहेत. २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजं बंद झाली, तेव्हापासून त्या हे काम ऑनलाइन करतात. मुलांची नावं आणि कॉलेजं त्यांनी सांगितली नाहीत, आम्हीही विचारली नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अशी माहिती गुप्त राहणं हा उपचार घेणाऱ्याचा हक्क आहे. जिवाला धोका असेल अशा काही ठरावीक प्रसंगीच, आणि तेवढ्यापुरतंच, ती दुसऱ्याला सांगता येते.

मुलं बोलतात कुठून?

ताई पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारतात. तू आत्ता कुठे बसलायस? तुझं बोलणं कोणाला ऐकू जातंय का? फोन कट झाला आणि तुझी काळजी वाटली, तर मी कोणाला फोन करू?

ताई म्हणतात, या तीन उत्तरांतच घर कळतं. ज्याला स्वतःची खोली आहे तो दार लावून बसतो. आपलं लेकरू बोलतं ते जिन्यावरून, पाण्याच्या टाकीमागून, उभ्या रिक्षात बसून, हॉस्टेलच्या गच्चीवरून, नाहीतर रात्री पांघरुणात तोंड घालून. कॅमेरा बंद असतो. मागे मोरी दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात, त्याची लाज वाटते. मध्येच डेटा संपतो. आणि कधी बोलता बोलता आवाज एकदम बदलतो, "हो सर, असाइनमेंट उद्या देतो." म्हणजे कोणीतरी जवळ आलं. ही खूण दोघांनी आधीच ठरवलेली असते. मग ताई फक्त हो किंवा नाही म्हणता येईल असे प्रश्न विचारतात, किंवा मुलगा टाइप करून उत्तर देतो.

एक भेट साधारण पन्नास मिनिटांची असते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं अभ्यास, परीक्षा, झोप यांवर जातात. खरी गोष्ट बहुतेक वेळा शेवटी शेवटी तोंडावर येते. नेमकं तेव्हा कोणी "कोणाशी बोलतोस रे?" म्हणत आलं, की ती गोष्ट पुढच्या आठवड्यावर जाते. सगळीच मुलं पुढच्या आठवड्यात परत येत नाहीत.

मुलं बोलतात काय?

सुरुवात "खूप टेन्शन आहे"पासून होते. छातीत धडधडतं, वर्गात बसलं की घाम फुटतो, पुस्तकातलं एक पान दहा वेळा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही. पुढे हळूहळू बाकीचं निघतं. शिष्यवृत्ती आली नाही आणि कॉलेज फीसाठी निकाल अडवतं. इंग्रजीत शिकवलेलं कळत नाही आणि विचारायची सोय नाही. "आई चार घरची धुणीभांडी करते, मी नापास झालो हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

आणि जात. पहिल्याच आठवड्यात "तुझी रँक किती?" असं विचारलं जातं. विचारणाऱ्याला गुण नाही, जात जाणून घ्यायची असते. ताई सांगतात की मुलं हे फार उशिरा बोलतात, आणि बोलतात तेही "मीच कमी पडतोय" असं. समुपदेशकाने अशा वेळी "तू फार मनाला लावून घेतोस" म्हटलं, की मुलगा पुन्हा फोन करत नाही. त्रास मनाला होतो, पण त्याचं कारण प्रत्येक वेळी मनातच असतं असं नाही. म्हणून आपल्या मुलाने समुपदेशक निवडताना हे उघड विचारावं: जातीमुळे होणाऱ्या त्रासाबद्दल मी तुमच्याशी बोलू शकतो का? उत्तर टोलवाटोलवीचं आलं, तर दुसरा समुपदेशक पाहावा.

एका मुलीची गोष्ट

ही गोष्ट त्या मुलीच्या परवानगीने ताईंनी सांगितली. मुलगी दुसऱ्या वर्षाला. एका खोलीत सहा माणसं. दर गुरुवारी संध्याकाळी ती जिन्यावरून बोलायची. आईच्या लक्षात आलं. आईचा पहिला प्रश्न आपण कोणीही विचारू असाच होता: "आमच्याबद्दल परक्या बाईला काय सांगतेस?" मुलगी म्हणाली, "तुमच्याबद्दल नाही गं, माझ्याबद्दल सांगते." आई काही बोलली नाही. पण पुढच्या गुरुवारपासून त्या वेळेला ती आजीला आणि धाकट्यांना घेऊन खाली जायला लागली. दार लोटून घ्यायची आणि कोणाला वर जाऊ द्यायची नाही.

तिसऱ्या गुरुवारी मुलीने ते सांगितलं. शिष्यवृत्तीचं विचारायला गेली तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यांसमोर तिला "सरकारचे जावई" म्हणून हसले होते. त्या दिवसापासून जगण्यात काही अर्थ नाही असं तिच्या मनात येत होतं. ताईंनी घाई केली नाही, पण गोष्ट टाळलीही नाही. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारलं. मग दोघींनी मिळून ठरवलं की आजच आईला सांगायचं. त्याच फोनवर आईला बोलावलं. दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेली. गोळ्याही सुरू झाल्या, समुपदेशनही सुरू राहिलं. एक विषय मागे राहिला, पण मुलगी आज तिसऱ्या वर्षात आहे.

घराने काय करायचं?

आठवड्यातून पन्नास मिनिटं खोली मोकळी करा. ते जमत नसेल तर विहाराची खोली, वाचनालय, शेजारच्या मावशींचं दुपारी रिकामं असणारं घर बघा. विहार समितीने ठरवलं तर आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली याच कामासाठी ठेवता येईल. चावी एका विश्वासू ताईकडे द्यावी. कोण आलं, कोण गेलं, याची चर्चा मात्र नको.

भेट संपल्यावर "काय बोललास?" विचारू नका. "चहा घेतोस का?" एवढंच विचारा. सांगायचं असेल तर तो आपणहून सांगेल. दाराबाहेर उभं राहून ऐकू नका. "पोरगं येरवड्याला पाठवायचंय का" असलं थट्टेनेही बोलू नका. पाय मुरगळला तर आपण लाजत नाही, मग मनाच्या दुखण्याला का लाजायचं?

झोप, भूक आणि थकवा यांची तक्रार असेल तर रक्तही तपासून घ्या. अंगात रक्त कमी असणं आणि थायरॉईड यांनीही माणूस मरगळतो.

फोन पुरेसा नसतो तेव्हा

ताई स्वतःच सांगतात, स्क्रीनवर हाताची थरथर दिसत नाही, उतरलेलं वजन दिसत नाही. कानात आवाज ऐकू येणं, दिवसचे दिवस न जेवणं, स्वतःला इजा करणं, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो" असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, यातलं काहीही दिसलं तर प्रत्यक्ष डॉक्टरकडे न्या. तोवर मुलाला एकटं सोडू नका. औषधं आणि विषारी वस्तू कुलपात ठेवा. मरणाचा विचार येतो का हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. पोलीस केस होईल या भीतीने उपचार लांबवू नका. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

ऑनलाइन फसवणूकही आहे. शिक्षण विचारा. समुपदेशकाकडे मानसशास्त्राची किंवा समाजकार्याची पदवी हवी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. गोळ्या फक्त डॉक्टर देतात. फी आधी विचारून घ्या, ओटीपी कोणालाही देऊ नका.

मोफत मदत आणि आपला हक्क

टेलि-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आजच घरातल्या प्रत्येक फोनमध्ये सेव्ह करा.

कॉलेजचीही जबाबदारी आहे. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघी आया उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जुलै २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कोचिंग क्लासेसनाही हे लागू आहे. पुढच्या वेळी फी भरायला जाल तेव्हा ऑफिसात दोन प्रश्न विचारा: तुमचा समुपदेशक कोण, आणि जातिभेदाची तक्रार घेणारा समान संधी कक्ष कुठे आहे? उत्तर लेखी मागा. एकट्याला अवघड वाटत असेल तर वस्तीतले चार पालक मिळून जा.

शिकवायला आपण पोटाला चिमटा काढतो. त्यात आठवड्याची पन्नास मिनिटं आणि एक लोटलेलं दार एवढी भर घालू या.