बाहुली टाचणीएवढी का होते?

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी उरकली की नाशिककडच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात दिवसभर ब्लोअरचा आवाज असतो. कोवळ्या फुटीवर उडद्या येतो, पुढे फुलकिडे येतात, पिठ्या ढेकूण तर खोडाच्या सालीखाली दडून बसलेला असतोच. डाऊनी आणि भुरीसाठी मारतात ती बुरशीनाशकं, त्यांचा इथे विषय नाही. किडींसाठी मारतात त्यांतल्या एका जुन्या घराण्याचा, ऑर्गॅनोफॉस्फेटचा, माणसाच्या मेंदूशी थेट संबंध येतो. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही त्यातली ओळखीची नावं.

वाऱ्याच्या तोंडाशी उभं राहून, साध्या सदऱ्यावर फवारणी करणाऱ्याला काही वेळानं दरदरून घाम फुटतो. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतं, पोटात मुरडा येतो, छातीत घरघर सुरू होते. नाकातोंडाला फडकं बांधलेलं असलं तरी ओल्या कपड्यांतून, कातडीतून विष आत जातंच. दवाखान्यात नेलं की डॉक्टर पापणी वर करून टॉर्च मारतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते, आणि टॉर्च बंद केला तरी ती मोठी होत नाही. घाम, लाळ, मुरडा, बाहुली असा सगळा पसारा एकाच जागेच्या बिघाडातून येतो. ती जागा म्हणजे सिनॅप्स.

माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी मज्जापेशी आहेत. दोन पेशी एकमेकींशी बोलतात तिथे बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये फट असते. मेंदूत ही फट साधारण 20 नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. या सांध्याला चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1897 मध्ये सिनॅप्स हे नाव दिलं. विजेचा संदेश मज्जातंतूच्या टोकापर्यंत धावत येतो आणि तिथे अडतो, कारण फट ओलांडणं त्याला जमत नाही. पण त्याच्या येण्यानं टोकावरची बारीक द्वारं उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. टोकात रसायनानं भरलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार असतात, एकेकीत काही हजार रेणू. कॅल्शियम येताच या पिशव्या पेशीच्या भिंतीला मिळून फुटतात आणि रसायन फटीत सांडतं. पलीकडच्या पेशीवर त्या रसायनासाठी बसायच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रेणू तिथे बसला की पलीकडची पेशी जागी होते, किंवा रसायन दुसऱ्या जातीचं असेल तर गप्प होते. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं.

फटीतून वीज जाते की रसायन, यावर एके काळी बराच वाद होता. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्या हृदयाची गती मंद करणारी नस चेतवली, आणि त्याच्याभोवतालचं क्षारपाणी काढून दुसऱ्या हृदयाला दिलं. दुसऱ्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे नसेनं पाण्यात काहीतरी सोडलं होतं. ते होतं अ‍ॅसिटिलकोलिन. लोवी आणि हेन्री डेल यांना 1936 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ किडे मारायला नवं रसायन शोधत होता. त्याच्या हाती टाबुन लागला, जो पुढे माणसं मारायचा विषारी वायू म्हणून जर्मन लष्करानं साठवला. आपल्या मळ्यातली ऑर्गॅनोफॉस्फेट याच कुळातली, सौम्य म्हणावीत अशी भावंडं.

संदेश पोचवणं हे सिनॅप्सचं अर्धंच काम. पोचलेला संदेश लगेच पुसला गेला नाही तर पुढचा ऐकू येणार कसा? अ‍ॅसिटिलकोलिनच्या बाबतीत हे काम फटीतच बसलेलं एक एन्झाइम करतं, अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो अ‍ॅसिटिलकोलिन तोडतो. तुटलेल्यातलं कोलिन पुन्हा टोकात ओढून घेतलं जातं आणि त्याचंच नवं अ‍ॅसिटिलकोलिन बनतं. डोपामाइन, सेरोटोनिन यांना असं फटीत तोडत नाहीत, ती बरीचशी आहेत तशीच परत ओढली जातात. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या हे ओढून घेणंच अडवतात, म्हणजे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहतं.

ऑर्गॅनोफॉस्फेटचा रेणू जाऊन त्या एन्झाइमच्या कामाच्या नेमक्या जागेवर चिकटतो. एन्झाइम ठप्प होतं आणि अ‍ॅसिटिलकोलिन फटीत साचत जातं. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं पलीकडच्या पेशीचं होतं. लाळेच्या ग्रंथी, घामाच्या ग्रंथी, आतडी, डोळ्याची बाहुली आवळणारा स्नायू, सगळ्यांना एकच हुकूम सतत मिळत राहतो. हातापायांचे स्नायू आधी कातडीखाली वळवळताना दिसतात, मग थकून लुळे पडतात. मेंदूत हेच घडलं की माणूस गोंधळतो, आचके येतात, आणि श्वास चालवणारं केंद्र मंद होतं. किड्याच्या मज्जासंस्थेतही अ‍ॅसिटिलकोलिनच मुख्य चेतवणारं रसायन आहे, म्हणून तर हे विष किड्यावर चालतं. इमिडाक्लोप्रिडसारखी पुढची कीटकनाशकं एन्झाइमऐवजी रिसेप्टरवर बसतात. किड्याच्या रिसेप्टरला ती जितकी घट्ट धरतात तितकी माणसाच्या धरत नाहीत. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सापडलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट होतीच. नाशिकच्या निर्यातदार बागायतदाराला मात्र वेगळा चाप आहे. युरोपनं 2020 मध्ये क्लोरपायरीफॉस बंद केलं, आणि घडात त्याचा अंश सापडला तर कंटेनर अडकतो. मजुराच्या फुप्फुसापेक्षा घडावरच्या अंशाची तपासणी जास्त काटेकोर होते, हे मला नेहमी खटकतं.

उपचारात पहिलं अ‍ॅट्रोपिन. ते एन्झाइमला सोडवत नाही, ग्रंथी, आतडी आणि हृदयावरच्या रिसेप्टरवर स्वतः जाऊन बसतं आणि साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनला बसू देत नाही. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची आणि घरघर थांबेपर्यंत डोस दुप्पट करत जायचं, अशी रीत आहे. बाहुलीवरून विष ओळखायचं, पण डोस छातीवरून ठरवायचा. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरचे रिसेप्टर निराळ्या जातीचे, तिथे अ‍ॅट्रोपिनचं काही चालत नाही. त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम, ज्याला दवाखान्यात पाम म्हणतात. ते एन्झाइमवरून विष उपटून काढतं, पण वेळेत दिलं तरच. काही तास उलटले की बंध पक्का होतो आणि मग नवं एन्झाइम तयार होण्याची वाट पाहण्यावाचून इलाज नाही. हा अवधी विषाच्या जातीवर ठरतो, म्हणून दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्यायची, आणि त्याआधी कपडे काढून अंग साबणानं धुवायचं.

पाम किती द्यावं, यावरचा एक गाजलेला अभ्यास आपल्याच राज्यातला, बारामतीचा. 200 रुग्णांवरचा हा अभ्यास 2006 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. सलग पाम दिलेल्या गटात शंभरात एक दगावला, दर चार तासांनी टोचलेल्या गटात आठ. पुढे 2009 मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात मात्र पामचा फायदा दिसला नाही. बारामतीचे रुग्ण लवकर पोचले होते, त्यांना अतिदक्षता चांगली मिळाली, असं त्यावर म्हटलं गेलं. वाद मिटलेला नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बोलायला लागतो, चहा मागतो आणि नातेवाईक डिस्चार्जसाठी मागे लागतात. तेव्हा डॉक्टर त्याला उशीवरून फक्त डोकं उचलायला सांगतात. मान उचलता आली नाही तर सोडायचं नाही. एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू असे अचानक ढिले पडू शकतात.

पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा घाव पुन्हा सिनॅप्सवरच, पण निराळ्या बाजूला. दुखत फारसं नाही, खूणही धड दिसत नाही, पहाटे पापण्या मिटायला लागतात. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच उद्ध्वस्त करतं, त्यातल्या पिशव्या संपवतं. प्रतिविष रक्तातलं विष मारतं, पण मोडलेलं टोक जोडत नाही. टोक पुन्हा उगवेपर्यंत, कधी कित्येक दिवस, व्हेंटिलेटर लागतो. नागाचं विष पलीकडच्या रिसेप्टरवर बसतं. तिथे निओस्टिग्मिन कामी येतं, आणि ते करतं काय, तर तेच एन्झाइम थोडा वेळ अडवतं. अ‍ॅसिटिलकोलिन वाढतं आणि विषाशी जागेसाठी झगडतं. मळ्यात जे घातक ठरतं, ते इथे मोजून मापून दिलं जातं.

हेच तत्त्व म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या डबीतही आहे. अल्झायमरमध्ये स्मरणशक्ती किती घसरली याचा मेळ मेंदूत साचलेल्या गाठींपेक्षा गळालेल्या सिनॅप्सशी जास्त बसतो. त्यात अ‍ॅसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशी लवकर खचतात. डोनेपेझिल ही 1996 पासून अमेरिकेत मान्य असलेली गोळी मेंदूतलं तेच एन्झाइम हलक्या हातानं अडवते, म्हणजे उरलेल्या सिनॅप्समध्ये अ‍ॅसिटिलकोलिन थोडं जास्त वेळ टिकतं. काहींना वर्ष-सहा महिने बरं वाटतं, पण आजार थांबत नाही. मळमळ, जुलाब, मंद नाडी हे तिचे त्रास फवारणीच्या विषबाधेचीच सौम्य आवृत्ती आहेत.

आणि उलटी बाजू धोतऱ्याची. श्रावणात त्र्यंबकेश्वरी महादेवाला जे फूल वाहतात, त्या झाडात अ‍ॅट्रोपिन आणि त्याचं सख्खं भावंड स्कोपोलामिन असतं. ते पोटात गेलं की माणूस बरळतो, भास होतात, बाहुल्या मोठ्या होतात. सर्दीच्या काही गोळ्या आणि लघवी आवरायची ऑक्सिब्युटिनिनसारखी काही औषधं याच वाटेनं, कमी जोरात, काम करतात. तरुणाचं त्यांनी फक्त तोंड कोरडं पडतं. सत्तरी ओलांडलेल्या, आधीच अ‍ॅसिटिलकोलिन कमी असलेल्या माणसाला दोन-तीन अशी औषधं एकत्र मिळाली तर तो घरातलीच खोली विसरतो, रात्री उठून भलतंच बोलतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. कधी कधी एकीकडे डोनेपेझिल आणि दुसरीकडे ऑक्सिब्युटिनिन, दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेलं, एकाच डबीत निघतं. विसरभोळेपणाची तक्रार घेऊन जाताना ती डबी सर्दीखोकल्याच्या गोळ्यांसकट डॉक्टरांच्या टेबलावर ओतावी. काही जणांचा गोंधळ त्यातली एखादी गोळी बंद केल्यावरच कमी होतो.