रोजकीर्द

पहाटे साडेपाच

माझा दिवस वाचनाने नाही, लिहिण्याने सुरू होतो. कागदावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ, मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लोंबत जाणारी अक्षरं. मोडी लिपीची रीतच ती. बोरू तिरपा कापलेला, शाई काजळाची. एक पान कित्ता पुरा झाल्याशिवाय चहा ठेवत नाही. मला कुणाला मोडीत पत्रं धाडायची नाहीत. पण वळण हातात असेल तरच डोळे नीट वाचतात. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे अर्थावरून ठरवायचं. र तर शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतो. अशा सलग ओळीत शब्द कुठे तुटतो हे लिहिणाऱ्या हाताला लवकर कळतं.

आठ

फोनवर रात्रीतून आलेले जुन्या कागदांचे फोटो बघते. बहुतेक तिरपे, ट्यूबलाइटच्या चकाकीत अर्धे गेलेले. सगळ्यांना तेच उत्तर पाठवते: दिवसाउजेडी काढा, चारी कोपरे दिसू द्या, आणि मागची बाजूही पाठवा. मागची बाजू कोरी आहे असं लोक सांगतात, आणि पुष्कळदा कामाचा शेरा तिथेच निघतो.

अकरा

तालुक्याच्या अभिलेख कक्षात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी बोलावणी येऊ लागली. तोवर आमचं काम म्हणजे इतिहासवाल्यांचा छंद. आता दारात शेतकरी उभे असतात. आजही एक काका सकाळच्या एसटीने आले होते, टोपी हातात धरून.

“ताई, आज्याच्या बापाचं नाव घावंल का त्यात?”

“बघू या, काका. साल आठवतंय का काही?”

“पलेगाच्या आसपास जन्म, असं म्हातारी सांगायची.”

हे असं साल खूप उपयोगी पडतं. पुण्यात प्लेग १८९६-९७ च्या हिवाळ्यात शिरला आणि पुढे बरीच वर्षं फिरून फिरून येत राहिला. म्हणजे कोणती बांधणी आधी काढायची ते ठरलं.

कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही, गाव नमुना नंबर १४. एक ओळ, एक माणूस. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण नोंद बारशाच्या आधीची. म्हणून शोधायचं ते बापाला, आणि एकाच नावाचे दोन बाप गावात असले की भावकीची माहिती विचारत बसायचं. हा कागद पेशवाईतला नाही, इंग्रजी अमलातला. बोरू जाऊन टाक आलेला, त्यामुळे अक्षराची जाड-बारीक लय हरवलेली, लिहिणारा घाईत. पेशवाईतली काजळाची शाई आजही काळीभोर असते. या वह्यांमधली तपकिरी पडली आहे, आणि कागद कडेला बोट लागताच सुटतो. पान उलटायचं ते दोन्ही हातांनी.

मृत्यूची बांधणी उघडली की मी हळू होते. १९१८ च्या भाद्रपद-आश्विनात इन्फ्लुएन्झाची साथ आली. एरवी महिन्याला चार-दोन ओळी असलेल्या गावाची त्या दिवसांत पानंच्या पानं भरलेली आहेत, कारणाच्या रकान्यात ओळीने ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. एका आडनावाखाली आई, तिच्यापाठोपाठ दोन मुलं. या नोंदी वाचायला मला कुणी सांगितलेलं नसतं. तरी मी त्या ओलांडून जात नाही. शंभर वर्षांत त्या ओळींवर दुसऱ्या कुणाची नजर पडली असेल असं वाटत नाही.

काकांच्या आज्याचा बाप दीडच्या सुमाराला सापडला. त्यांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली आणि तिसऱ्यांदा स्वतः बोट ठेवून नुसतीच बघितली.

पावणेदोन

डबा. इथे बसले की लोक विचारतात, तुम्ही या कामात कशा?

मी एका विमा कचेरीत हिशेब खात्यात होते. नोकरी वाईट नव्हती. एका मे महिन्यात मैत्रिणीबरोबर मोडीच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात सगळ्यांना एकच ओढ होती: शिवाजी महाराजांचं पत्र वाचायचं, पानिपतची हकीकत वाचायची. सरावाला मिळाली मात्र जमाखर्चाची पानं. तांदूळ इतके मण, तेल इतके शेर, बैलांची वैरण, मशालजीचा मुशाहिरा. हळूहळू वर्ग रिकामा झाला, मैत्रीणही गेली. मला ती पानं सोडवेनात. कुण्या कारकुनाने दोन-अडीचशे वर्षांपूर्वी जुळवलेली बेरीज मी पुन्हा जुळवून बघायची, आणि ती जुळली की त्याला सांगावंसं वाटायचं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आपल्याला खरोखर काय आवडतं हे त्या कामाच्या झगमगीत भागावरून कधीच कळत नाही. शिखरं सगळ्यांना आवडतात. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं मिळवली, १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि असे बावीस खंड झाले, आपण ते बावीस खंड बघतो. त्याआधी त्यांनी किती माळ्यांवरची धूळ खाल्ली, किती निरुपयोगी चिठोऱ्या वाचल्या, ते बघत नाही. कामातला सर्वांत रटाळ तुकडा घ्यावा आणि तो आपल्याला पुरतो का ते बघावं. मला पुरला.

नोकरी लगेच सोडली नाही. घराचं कर्ज फिटेपर्यंत संध्याकाळी आणि रविवारी वाचत राहिले. या वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाने पोटाचा विचार आधी करावा, असं मला मनापासून वाटतं.

साडेतीन

सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात. हेही राजवाड्यांनीच १९१० साली उभं केलेलं. आज फक्त एका कालगणनेचा प्रश्न होता. एका घराण्याच्या कागदावर साल होतं ‘इसन्ने समानीन मया व अलफ’. अरबी आकडे, एककापासून चढत जाणारे: दोन, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे ११८२. हे सुहूर सन. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की इसवी सन १७८१. पण सुहूर सन बदलतो मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर. म्हणून महिना न बघता साल सांगू नये. कागद उन्हाळ्यातला निघाला, तेव्हा तो १७८२ चा. महसूल शेतीवर चालत होता आणि सालही शेतकऱ्याच्या वर्षाला धरून होतं, याचं मला प्रत्येक वेळी समाधान वाटतं.

सहा

घरी वर्ग. कॉलेजची मुलं, एक निवृत्त तलाठी, दोन वकील. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत शाळांतून मोडी गेली, आणि एका पिढीत आजोबांचं अक्षर नातवाला परकं झालं. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, तरी रुमालात बांधलेलं अजून अफाट आहे. वाचणारी माणसं हवीत, पुष्कळ हवीत.

वर्ग संपल्यावर एक मुलगी थांबली. आयटीतली नोकरी सोडून हेच करायचं म्हणते. मी तिला एका सावकारी खतावणीच्या छायाप्रती दिल्या आणि सांगितलं, “नोकरी राहू दे. दिवाळीपर्यंत एवढं वाच. मग बोलू.” ती जरा हिरमुसली. पण पानं छातीशी धरून नेली तिने, पिशवीत कोंबली नाहीत.

साडेनऊ

लिप्यंतराची पक्की प्रत. एका जुन्या वाटणीपत्राचं काम चालू आहे. मोडीत आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. धाकट्या भावाच्या वाटणीला दोन बिघे आणि पुढे एक दंड स्पष्ट दिसतो. दुसरा असलाच तर तो घडीच्या भेगेत गेला आहे. सव्वादोन की अडीच? मी कंसात प्रश्नचिन्ह घातलं.

दहा वाजता ज्यांचा कागद त्यांचाच फोन.

“मॅडम, अडीचच असणार. आमच्या घरात तसंच सांगत आलेत. तो कंस काढून टाका ना.”

“कंस आज निघणार नाही, दादा. शेवटच्या पानावर तिन्ही भावांची एकूण जमीन दिली असेल. ते पान उद्या सकाळी घेऊन या, बेरीज मांडून बघते.”

ते पान माळ्यावरच्या ट्रंकेत आहे म्हणाले. शोधतो म्हणाले. मी तोवर दोन्ही थोरल्या भावांचे आकडे वेगळ्या कागदावर उतरून ठेवले.