आधी उजेड ठरवा, मग रंग बघा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कापडाचे मोठे कारखाने आहेत. रेमंडचा उंची सुती शर्टिंगचा कारखाना इथला. मूळ तुर्की सोक्टास कंपनीने उभा केलेला आणि २०१९मध्ये ग्रासिमने घेतलेला कारखानाही इथलाच. इंडो काउंटच्या चादरी इथून अमेरिकेच्या बाजारात जातात. अशा निर्यातीच्या धंद्यात शेड पास होण्यावर सगळं अडलेलं असतं. निळा जरा हिरवट गेला, तर अख्खा लॉट परत येऊ शकतो. म्हणून कापडधंद्याने रंग बघण्याची एक कडक रीत जगभर ठरवून घेतली आहे. शेड ट्यूबलाइटखाली बघायची नाही आणि खिडकीशी धरूनही नाही. आतून राखाडी रंगवलेल्या लाइट बॉक्समध्ये बायरचा नमुना आणि आपला लॅब डिप, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेला तुकडा, शेजारी शेजारी ठेवायचे, ठरलेला दिवा लावायचा आणि मगच मत द्यायचं.

त्या पेटीतल्या मुख्य दिव्याचं नाव डी-६५. दिवसाच्या सरासरी उजेडाचं हे आंतरराष्ट्रीय प्रमाण, तापमानाच्या भाषेत सुमारे ६५०० केल्विन. टीव्ही घेताना फारसं कुणाला ठाऊक नसतं की टीव्हीचा ‘पांढरा’ही हाच आहे. चित्रपटाची टीव्हीसाठीची प्रत तयार करताना स्टुडिओतला पडदा डी-६५वर लावलेला असतो, आणि दिग्दर्शकाने पास केलेले रंग त्याच पांढऱ्याशी जुळवलेले असतात. दुकानात मात्र टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’सारख्या मोडवर झगमगत असतो. त्याचा पांढरा मुद्दाम निळसर केलेला असतो, कारण भर उजेडाच्या दालनात शेजारच्या टीव्हीपेक्षा तो जास्त उजळ भासतो. तिथे उभं राहून ‘याचे कलर भारी आहेत’ असं ठरवणं म्हणजे शेड रस्त्यावर उभं राहून पास करणं. माझं म्हणणं एवढंच आहे की टीव्हीही कापडाच्या रीतीनेच पारखावा.

कापड आणि टीव्ही यांचं नातं इथे संपत नाही. दोन कापडं डी-६५खाली तंतोतंत जुळतात आणि टीएल-८४ या दिव्याखाली, म्हणजे युरोपातल्या दुकानांत असायचा तशा फ्लुरोसेंट उजेडात, वेगळी दिसतात. याला मेटामेरिझम म्हणतात आणि डायहाऊसमध्ये ही मोठी डोकेदुखी असते. टीव्ही मात्र पुरता या मेटामेरिझमवरच उभा आहे. पडद्यावर भंडाऱ्याची उधळण पिवळीधमक दिसते, पण पडद्यातून पिवळा प्रकाश म्हणून वेगळा असा निघतच नाही. निघतो तो लाल आणि हिरवा. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात. खऱ्या भंडाऱ्याच्या प्रकाशाने त्या ज्या प्रमाणात चाळवतात, त्याच प्रमाणात लाल-हिरव्याच्या मिश्रणाने चाळवल्या, की मेंदूला दोन्ही एकच वाटतात.

अशा मिश्रणातून रंगीत छायाचित्र पहिल्यांदा लोकांसमोर दाखवलं गेलं तेही कापडाचंच. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी चौकड्याच्या स्कॉटिश फितीची लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून टिपलेली छायाचित्रं तशाच गाळण्यांतून तीन कंदिलांनी एकाच जागी पाडली. छायाचित्रकार होते थॉमस सटन. गंमत अशी की त्या काळच्या छायाचित्राच्या काचेला लाल प्रकाश जवळजवळ कळतच नव्हता, मग लाल उमटला कसा? याचा उलगडा तब्बल शंभर वर्षांनी कोडॅकच्या संशोधकांनी केला. फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि ते लाल गाळणीतून आरपार गेले होते. याच कोडॅकमध्ये १९८७ साली चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी आजच्या ओएलईडी पडद्यांचा पाया घातला.

आता तंत्रज्ञानांकडे. बाजारात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून मिळतो तो मुळात एलसीडीच. एलईडी फक्त मागचा दिवा. त्याच्यापुढे द्रवस्फटिकांचा थर खिडकीच्या झडपांसारखा उघडझाप करतो आणि पुढच्या रंगीत गाळण्यांतून हवा तेवढा प्रकाश सोडतो. अडचण अशी की या झडपा पुरत्या मिटत नाहीत. आयपीएस या प्रकारच्या एलसीडी पॅनेलमध्ये काळ्या जागेतूनही पांढऱ्याच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढा प्रकाश झिरपतो. व्हीए हे दुसऱ्या प्रकारचं पॅनेल यात तीन-चार पटींनी सरस असतं, पण बाजूला बसलेल्याला त्याचे रंग फिके दिसतात. रात्री दिवे मालवून सिनेमा लावला की आयपीएसवरचं आकाश राखाडी दिसतं, आणि काळा राखाडी झाला की त्यात मिसळलेला प्रत्येक गडद रंग मळतो. म्हणून उत्तम चित्राची पहिली कसोटी मी काळ्याचीच मानतो.

ही गळती रोखायला मिनी-एलईडी आले. मागे हजारो बारीक दिवे, त्यांचे शेकड्यांनी गट, आणि जिथे अंधार हवा तिथला गट मंद. सुधारणा मोठी आहे. पण ४के पडद्यावर ठिपके सुमारे ८३ लाख असतात आणि गट बहुतेक टीव्हींत शेकडो किंवा काही हजारच. त्यामुळे काळ्या आभाळातल्या चंद्राभोवती पुसट खळं उरतं.

‘क्यूएलईडी’तला क्यू म्हणजे क्वांटम डॉट, ज्यांच्यासाठी २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काही नॅनोमीटरचे हे कण आकारानुसार रंग देतात. लहान कण हिरवा, जरा मोठा लाल. मागच्या निळ्या एलईडीच्या प्रकाशातून ते नेमका लाल आणि हिरवा तयार करतात, म्हणून रंग भरदार होतात. काळ्याचं दुखणं मात्र तसंच राहतं, कारण पुढे झडपा त्याच आहेत.

ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. विझला की काळा म्हणजे खराखुरा काळा. कडेला बसलेल्यालाही रंग जवळजवळ तेच दिसतात, पाच-सात माणसांच्या घरात ही साधी बाब नव्हे. मर्यादाही आहेत. पूर्ण पडदा पांढरा झाला की त्याला मिनी-एलईडीइतका उजेड झेपत नाही. दिवसभर बातम्यांची एकच वाहिनी लावून ठेवली, तर चिन्हाचा आणि खालच्या पट्टीचा डाग काही वर्षांत कायमचा बसण्याची शक्यता असते.

तेव्हा संध्याकाळनंतर सिनेमा आणि मालिका बघणाऱ्या घरात ओएलईडीच, यात मला शंका नाही. पण टीव्हीसमोर खिडकी असेल आणि दुपारची क्रिकेट मॅच हाच मुख्य उपयोग असेल, तर त्या घरात मी चांगला मिनी-एलईडी सुचवेन. खिडकीच्या प्रतिबिंबापुढे ओएलईडीच्या काळ्याचा फायदा बुडतो.

टीव्ही कोणताही आणा, पहिल्याच दिवशी तो ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर टाका. फिल्ममेकर मोड २०१९मध्ये जाहीर झाला. तो पांढरा डी-६५वर आणतो आणि हालचाली कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी यंत्रणा बंद ठेवतो. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल. निळ्याला सरावलेले डोळे काही दिवसांत स्थिरावतात, आणि मग माणसांची कातडी कातडीसारखी दिसू लागते. त्याच वेळी टीव्हीमागच्या भिंतीवर एक मंद पांढरा दिवा लावावा. लाइट बॉक्सच्या राखाडी भिंतींप्रमाणे तो डोळ्यांना एक स्थिर पार्श्वभूमी देतो.

राहिला ठिपक्यांचा प्रश्न. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. दहा फुटांवर ते अंतर जवळजवळ ०.९ मिलिमीटर भरतं. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा ठिपका सुमारे ०.६ मिलिमीटरचा आणि ४केचा ०.३ मिलिमीटरचा असतो. सोफा दहा फुटांवर असेल तर ८केसाठी जादा पैसे मोजण्यात काहीच हशील नाही. तेवढ्याच पैशांत एक पायरी वरचं पॅनेल येतं का, ते दुकानदाराला विचारा. दालनातले दिवे थोडा वेळ बंद करून रात्रीचं एखादं दृश्य लावायलाही सांगा.