सौर घड्याळ घेताना

सौर घड्याळात तबकडीच्या खाली किंवा कडेला सौरपट्टी असते आणि ती आतला सेल चार्ज करते. कॅसिओचं जी-शॉक जीडब्ल्यू-एम५६१० एकदा पूर्ण चार्ज झालं की अंधारातही साधारण १० महिने चालतं. पावसाळी ट्रेकला रेनकोटच्या बाहीखाली दडलं तरी काळजी नको. जीपीएसवाल्या घड्याळांचं तसं नाही. त्यांना ऊन नुसता हातभार लावतं, केबल सॅकमध्ये हवीच.

याच मॉडेलमध्ये रेडिओ सिग्नलवरून वेळ आपोआप जुळते, पण ती प्रक्षेपण केंद्रं जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत. आपल्याकडे वापरायचं तर या सोयीसाठी जादा पैसे कशाला मोजायचे? फोनच्या ब्लूटूथवरून वेळ जुळवणारं बघावं.

घड्याळावर ‘२०० मीटर’ असेल तर खुशाल पोहा; नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे हात धुण्यापुरतं.

उंची दाखवणारी बरीच घड्याळं मात्र जरा लबाड. ती हवेच्या दाबावरून अंदाज बांधतात. तुम्ही तंबूत झोपलेले असता, रात्रीतून दाब उतरतो आणि सकाळी घड्याळ तुम्हाला चक्क वर चढवून ठेवतं. म्हणून ठाऊक असलेल्या उंचीवर, उदाहरणार्थ कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर, आकडा हाताने जुळवून घ्यावा.