अनोळखी भिडू

फिकट चौकटींच्या पटावर एक रंगीत ठिपका. माउस जिकडे न्याल तिकडे तो सरकतो, वाटेत विखुरलेले बारीक दाणे गिळतो आणि किंचित वाढतो. पटावर असेच इतर ठिपके फिरत असतात. लहान दिसेल त्याला गिळायचं, मोठा दिसेल त्याच्यापासून पळायचं. 'अगार डॉट आयओ' हा खेळ एवढाच. त्याला गोष्ट नाही, टप्पे नाहीत, जिंकण्याची शेवटची रेषाही नाही. तरी रात्री जेवणं उरकल्यावर "हा शेवटचा" म्हणून लावलेला डाव मध्यरात्र उलटली तरी उठू देत नाही. मी हा खेळ आवडीने खेळत आलो आहे, आणि त्याच्या साधेपणामागे किती विचार आहे ते सांगावंसं वाटतं.

ब्राझीलच्या मातेउस वालादारेस या १९ वर्षांच्या मुलाने २०१५ च्या एप्रिलअखेरीस हा खेळ 'फोरचॅन' या संकेतस्थळावर लोकांसमोर ठेवला. नाव तिथल्याच एका निनावी माणसाने सुचवलं. अगार म्हणजे सागरी शेवाळापासून मिळणारी जेली. फॅनी हेसे या बाईंना ती स्वयंपाकघरातून ठाऊक होती. १८८१ च्या सुमारास त्यांनी ती जंतू वाढवण्यासाठी सुचवली आणि जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून ती जगभर गेली. खेळाचा पडदा बघितला की नावाची जुळणी पटते. जंतू वाढवायची पेट्री डिश वरून पाहावी तसाच तो दिसतो, फक्त इथली प्रत्येक पेशी म्हणजे कुठेतरी संगणकासमोर बसलेला एक माणूस असतो.

हे जमलं ते वेबसॉकेट या तंत्रामुळे. त्याचं प्रमाण २०११ मध्ये ठरलं. त्याआधी ब्राउझर दर वेळी सर्व्हरला विचारायचा आणि उत्तराची वाट पाहायचा. वेबसॉकेटने दोघांमधली वाट सतत उघडी राहू लागली. आपला ब्राउझर मुख्यतः माउस कुठे आहे आणि कोणती कळ दाबली एवढंच कळवतो. कोण किती मोठं, कोणी कोणाला गिळलं, याचा निवाडा सर्व्हर करतो आणि आपल्या आसपासचं चित्र परत पाठवतो. त्यामुळे काही उतरवून घ्यावं लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. टोपणनाव टाका आणि उतरा. शाळेच्या संगणक कक्षात किंवा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत खेळायला याहून सोयीचं काय असणार?

भारतातून खेळताना अंतराची मर्यादा मात्र सोसावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहून नुसत्या जाण्यायेण्यात ४० मिलिसेकंद खर्च होतात, आणि वाटेतल्या यंत्रांमुळे प्रत्यक्षात जास्तच. सर्व्हर युरोपात असेल तर विचारूच नका. आपण निसटलो असं पडद्यावर दिसतं आणि सर्व्हरच्या लेखी आपण केव्हाच पोटात गेलेलो असतो.

पण लोक खिळून राहतात ते एका नियमामुळे. जितके मोठे व्हाल तितके संथ व्हाल. नुकता उतरलेला ठिपका चपळ असतो, कोपऱ्यातून सुटतो. उजवीकडच्या पहिल्या दहांच्या यादीत झळकणारा अजस्र गोळा मात्र जागचा हलता हलत नाही. दाणे टिपून त्याचं भागत नाही आणि त्याचं वजन आपोआप झिजतही राहतं. हा नियम नसता, तर सुरुवातीला पुढे गेलेला कायम पुढे राहिला असता आणि नंतर आलेल्याला वाव उरला नसता. माझ्या मते या खेळातली सगळ्यात मोठी कल्पना हीच आहे.

मोठ्यापाशी एक हत्यार असतं. स्पेसबार दाबला की पेशीचे दोन तुकडे होतात आणि एक तुकडा झपकन पुढे झेपावतो. इथे खरी परीक्षा आहे. दुसऱ्याला गिळायला त्याच्यापेक्षा साधारण पाव पट जास्त वजन लागतं. वजन क्षेत्रफळात दिसतं, म्हणजे व्यासातला फरक जेमतेम १२ टक्के. दोन वर्तुळं धावत असताना एवढा फरक नुसत्या नजरेने जोखायचा. झेप घ्यायची असेल तर आपल्या अर्ध्या तुकड्यानेही ती अट पुरी केली पाहिजे, म्हणजे आधी आपण भक्ष्याच्या अडीच पट असायला हवं. अंदाज जरा चुकला की आपलेच दोन तुकडे मैदानात उघडे पडतात. ते पुन्हा जुळायला अर्धं मिनिट किंवा जास्त लागतं, आणि तेवढ्यात तिसराच कोणी येऊन ताव मारतो.

हिरव्या काटेरी गोळ्यांना खेळाडू व्हायरस म्हणतात. लहान ठिपका त्यांच्या आड खुशाल लपतो. मोठा त्याच्या मागे धावत येऊन काट्यावर आदळला, तर फुटून त्याच्या सोळापर्यंत ठिकऱ्या होतात. एखादा हुशार लहान खेळाडू नुसता लपून थांबत नाही. डब्ल्यूची कळ दाबून स्वतःच्या वजनातले बारीक तुकडे तो त्या गोळ्याला चारतो. सात तुकडे पोचले की त्यातून नवा व्हायरस सुटतो आणि समोरच्या राक्षसाच्या अंगावर जातो. नेम बसला की पडद्यावर दिवाळी! क्षणापूर्वी जीव मुठीत धरून बसलेला लहानगा ठिकऱ्या वेचत सुटतो आणि अर्ध्या मिनिटात यादीत चढतो. असा एक डाव बसला की पुढचे कितीतरी डाव त्या आशेवर खेळले जातात.

बाद झाल्याचं दुःख इथे पुरतं होऊच शकत नाही. बटण दाबलं की तुम्ही पुन्हा पटावर. गल्लीतल्या खेळात धाकट्याला कच्चा लिंबू म्हणून सूट मिळायची, तशी इथे कोणालाच नाही. पण बाद झालेल्याला बाहेर बसून राज्य संपायची वाटही पाहावी लागत नाही. मोठं होण्यात बराच वेळ जातो, मरण्यात एक क्षण, आणि परतायला काहीच लागत नाही. थांबावं असा क्षणच खेळ देत नाही. म्हणून घरात मुलं खेळत असतील तर डाव मोजू नये, घड्याळाची वेळ ठरवावी. डावाच्या हिशेबाने हा खेळ संपत नाही.

तरी हे सगळे नियम एकट्याने संगणकाशी खेळताना इतके धरून ठेवत नाहीत. ओढ असते ती माणसांची. इथे बोलायची सोय नाही, म्हणून खेळाडूंनी हालचालींचीच भाषा केली. जागच्या जागी डुललं की "मारू नका." डब्ल्यू दाबून तुकडा पुढे केला की "दोस्ती." समोरच्यानेही तुकडा दिला की युती झाली. मग दोघं मिळून शिकार करतात, आणि एक दिवस त्यातलाच एक दुसऱ्याला गिळतो. जून २०१५ च्या निवडणुकीआधी तुर्कस्तानात खेळाडू राजकीय पक्षांची नावं घेऊन उतरले आणि पटावर युत्या नि फाटाफुटी रंगल्या. २०१६ मध्ये 'हाउस ऑफ कार्ड्स' या अमेरिकी राजकीय मालिकेतही हा खेळ आला. राजकारणाच्या गोष्टीत तो इतका सहज बसला याचं मला नवल वाटत नाही.

त्याच वर्षी स्टीव्ह हाउज या अमेरिकी तरुणाने 'स्लिदर डॉट आयओ' आणला. तिथे ठिपक्याऐवजी साप. डोकं दुसऱ्याच्या अंगाला लागलं की मेला, मग तो कितीही लांब असो. काल जन्मलेला सापही अजगराला आडवा जाऊन संपवू शकतो. वालादारेसनेही २०१६ मध्येच 'डीप डॉट आयओ' हा रणगाड्यांचा खेळ केला, आणि मग अशा खेळांची रांगच लागली.

त्या रांगेतल्या फोनवरच्या बऱ्याच खेळांत मात्र समोर माणूस नसतोच. माणसांसारखी नावं लावलेले बॉट, म्हणजे संगणकच चालवत असलेले खेळाडू, फिरत असतात, मुद्दाम हरतात आणि मधे जाहिरात येते. मला हे मनापासून खुपतं, कारण या खेळांतली मौल्यवान गोष्टच तिथे काढून घेतलेली असते. ज्या खेळात तुकडा टाकता येतो तिथे एक परीक्षा करून पाहा. समोरच्याला एक तुकडा द्या. बॉट तो गिळून आपल्या वाटेने जातो. माणूस बहुतेक वेळा थबकतो, थोडा डुलतो, कधी एक तुकडा परत करतो. तसं झालं तर खेळायला भिडू मिळाला असं समजा, आणि तो अडीच पट मोठा नाही ना, हे आधी बघून घ्या.