एका बियाण्याची दोन नावे

पेडणे तालुक्याला सरकारी इंग्रजी कागदांत ‘पर्नेम’ म्हणतात आणि डिचोलीला ‘बिचोलिम’. आम्हां गोमंतकीयांचे त्यावाचून काही अडत नाही. परंतु दोन दप्तरे जुळवू पाहणाऱ्या परक्या कारकुनाला मात्र एका गावाची दोन गावे दिसू लागतात. सजीवांच्या जनुकांचा हिशेब संगणकावर मांडणारे जे जैवमाहितीशास्त्र, त्यातील रोजचे पुष्कळसे कष्ट नेमके याच जातीचे असतात.

घरचेच उदाहरण घेऊ. आमच्या खाजनांत बांध घालून व मानशीच्या दारांनी भरतीचे खारे पाणी आवरून शेती होते. तेथल्या खारट मातीत तग धरणारे भात म्हणजे कोरगुट. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवडलेले वाण ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ या नावांनी ओळखले जातात. संशोधकांच्या टिपणांत तेच ‘केएस-१२’ आणि ‘केएस-१७’ असतात. एका तक्त्यात एक नाव व दुसऱ्यात दुसरे पडले, की संगणक दोन वाणांचे चार करतो.

जनुकांचीही हीच गत. भाताच्या १२ गुणसूत्रांचा आराखडा २००५ साली आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने प्रसिद्ध केला. त्यात भारताचाही वाटा होता. पण जनुकांना क्रमांक देण्याच्या पद्धती दोन रूढ झाल्या, एक जपानी व एक अमेरिकी. पहिल्या गुणसूत्रावरील, खारेपणा सोसण्यास साह्य करणारे एक जनुक एकीत ‘ओएस०१जी०३०७५००’, तर दुसरीत ‘ओएस०१जी२०१६०’. शिवाय काही नोंदवह्यांत मोजणी शून्यापासून सुरू होते, काहींत एकापासून. एका अक्षराची ही चूक डोळ्यांना दिसत नाही, पण निष्कर्ष बिघडवते.

हिशेबाच्या तक्त्यांनी तर कहरच केला. ‘सेप्ट-२’ या मानवी जनुकाचे नाव लिहिताच एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करून टाकी! एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका असल्याचे २०१६ साली दिसून आले. अखेर २०२० साली अशा जनुकांची नावेच बदलण्यात आली.

उपाय जुनेच आहेत: मूळ नोंदीला हात लावू नये, काम प्रतीवर करावे, केलेला प्रत्येक फेरफार लिहून ठेवावा आणि बियाण्याच्या पुडीवर गाव, शेत व वर्ष घालावे. तक्ता पुन्हा मांडता येतो. पण बांध फुटून खाजन पडीक झाले, तर तिथले बियाणे पुन्हा गोळा करता येत नाही. मग चिठ्ठी हरवलेली पुडी म्हणजे नुसते मूठभर भात.